दाजींच्या छातीतली गोल सावली

दाजी, हार आणलाय, पण घालायचा कशाला? तुमचा एक फोटो घरात सापडेल तर शपथ!

सकाळपासून मी, अक्का आणि गिरिजा, तिघी ट्रंका उपसतोय. सगळ्या गावाचे फोटो तुम्ही काढलेत. नव्या पेठेतला तुमच्या स्टुडिओचा तो अरुंद जिना चढून येणारी नवी जोडपी, उसना टाय लावून बसलेले गिरणीतले कारकून, धबधब्याच्या पडद्यापुढं हात जोडून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या. सोलापुरात कुठं धबधबा आहे हो? पण निम्म्या सोलापूरच्या भिंतींवर तो पडतोय. आणि तुम्हाला कुणी म्हटलं, एकदा तुम्ही बसा की कॅमेऱ्यापुढं, तर तुमचं ठरलेलं उत्तर, "हॉटेलवाला सोताच्या हॉटेलात जेवतंय काय?" बघा आता, हार तसाच पाटावर पडलाय.

तुमच्या लग्नाचा फोटो निघाला, तर वाळवीनं नेमकी तुमची बाजू खाल्लेली. अक्का शालू नेसून शाबूत, आणि तिच्या शेजारी भोक. गिरिजाच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढलेले. त्यात व्याही आहेत, आचारी आहेत, मांडवात शिरलेली शेळीसुद्धा आहे, नवरीचा बाप तेवढा नाही. शेवटी ट्रंकेच्या तळाशी दोन मोठी खाकी पाकिटं मिळाली. उघडली तर तुमचे एक्स-रे. म्हणजे तुमचे फोटो आहेत दाजी, पण आतले.

गिरिजानं पहिली फिल्म खिडकीच्या गजाला लावली. बरगड्या, हृदय, आणि डाव्या बाजूला ती. गोल, पांढरी, सुपारीएवढी. ती बघितली आणि मला हसू फुटलं. घरातून माणूस जाऊन आठवडा झाला नाही, अन् मी तोंडाला पदर लावून हसतेय. अक्कानं डोळे मोठे केले, मग तीही हसली. मग आम्ही रडलो. तुमच्या घरी पहिल्यापासून सगळं असंच उलटसुलट.

त्या गोल सावलीबद्दल मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हाच भांडायला हवं होतं, पण तेव्हा मला काही कळलंच नव्हतं. कळलं ते आज सकाळी, खिडकीपाशी.

आपलं जुनं भांडण तुम्हाला आठवतच असेल. मी शाळेत शिकवते म्हणून तुम्ही मला मास्तरीणबाई म्हणायचात, आणि मी तुम्हाला खोटारडे म्हणायचे. कारण तुमच्या त्या टोकदार पेन्सिली. लग्नाच्या मुलींचे फोटो काढायचे आणि रात्रंदिवस निगेटिव्हवर बसून त्यांचे वण, मुरूम, सुरकुत्या खोडायच्या. माझ्या हनुवटीवरचा तीळसुद्धा सोडला नाहीत. मला बघायला आलेली ती बार्शीची बाई फोटो एका हातात धरून माझी हनुवटी अशी निरखत होती, जणू बाजारात वांगी घ्यायला आलीय. लग्न मोडलं. बरंच झालं म्हणा, मुलगा अगदीच शेंबडा होता. पण मी तुम्हाला सोडलं नाही. फोटो खोटं बोलतो, असं मी म्हटलं की तुम्ही पेन्सिल खाली ठेवून म्हणायचात, "फोटो कुटं खोटं बोलतोय बाई? बघणारा चुकतोय. त्याला जे बघायचंय तेच दिसतंय त्याला."

एकदा मला सातवीच्या वर्गाला सावलीचा धडा शिकवायचा होता, म्हणून मी तुमच्या स्टुडिओत आले. तुम्ही दिवा लावलात, भिंतीपुढं हात धरलात. भिंतीपासून लांब धरला की सावली मोठी आणि कडा विस्कटलेल्या. भिंतीला हात चिकटवत नेला की सावली हाताएवढी, कडा सुरीनं कापल्यासारख्या. "सावलीची कड बघायची बाई. कड सांगतीय, वस्तू किती जवळ हाय." मी तो धडा फार चांगला शिकवला. तपासनीस खूश झाले. आणि मग मी सगळं विसरून गेले. शिकवणारी माणसं विसरतातच.

गालाचं दुखणं त्यानंतरचं. तंबाखूची चंची अक्का आडात टाकायची, तुम्ही नवी शिवून आणायचात. मिरजेच्या सर्जननी गालातली गाठ काढली, वर किरणांचा शेक दिला. परत आलात ते एका गालानं हसत. तुमचं वाकडं तोंड बघून अक्का रडायला लागली, तर म्हणालात, "रडायलीस कशाला? आता माझा फोटो एकाच बाजूनं चांगला येणार. लई लोकांचं तसंच असतंय." त्या दिवसापासून मला तुमच्याबद्दल आदर वाटायला लागला. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही चढून बसला असतात.

अक्का मात्र त्यानंतर कायम धास्तावलेली. खोकलात तरी तिच्या हातातली भाकरी करपायची. आणि त्याच काळात गिरिजानं व्यंकटेशचं नाव घरात काढलं.

व्यंकटेश आमच्याच शाळेत गणित शिकवायचा. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातला, आणि आपण लिंगायत. तुम्हाला मुलगा पसंत होता हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तुम्हीच सांगितलं होतंत. नोकरीच्या अर्जासाठी तो तुमच्याकडं फोटो काढायला आला होता. तुम्ही पेन्सिल उचललीत, तर म्हणाला, "गालावरचे देवीचे वण राहू द्या सर. मी असाच आहे." तुम्ही घरी येऊन म्हणालात, "लई सरळ पोरगं हाय. माझा धंदा बुडवंल, पण सरळ हाय."

पण तुमच्या पसंतीला विचारतो कोण? घरात अण्णा होते ना. तुमचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनी तुम्हाला वाढवलं, शाळेत घातलं, पहिला कॅमेरा घेऊन दिला. भुसार बाजारातून अण्णा घरी यायला निघाले की त्यांच्या नुसत्या खोकल्यानं इकडं रेडिओ बंद व्हायचा. अण्णांपुढं 'न्हाय' हा शब्द तुमच्या तोंडून बाहेर पडलेला मी कधी ऐकला नव्हता. गिरिजाचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते जेवत होते. ताट सरकवून म्हणाले, "लिंगायताची पोरगी मटान शिजिवणाऱ्या घरात? माझ्या जिवात जीव हाय तवर न्हाय!" तुम्ही फरशीकडं बघत बसलात. मी तुमच्या पायाला चिमटा काढला, तरी फरशीकडंच.

गिरिजा कुणाशी बोलेना. तिकडं व्यंकटेशच्या आईनं त्याच्यासाठी नात्यातली मुलगी बघायला घेतली. तो किती दिवस थांबणार होता? लग्नसराई संपायच्या आत काहीतरी झालं नसतं, तर पोरीचं आयुष्य त्या फरशीतच गाडलं गेलं असतं.

तेवढ्यात तुमच्या तपासणीची वेळ आली. मिरजेचे सर्जन म्हणाले होते, अधूनमधून छातीचा फोटो काढत जा, गालातला रोग तिकडं उतरू शकतो. अक्काला दवाखान्याच्या वासानंच घेरी यायची, म्हणून तुमच्याबरोबर मी आले. निघताना अण्णा दारात उभे. "इष्टलिंग अंगावरनं उतरवायचं न्हाय, एक क्षणबी न्हाय. दवाखाना असो न्हायतर आणि काय असो." आपल्यात दीक्षेच्या वेळी गुरू जे लिंग देतात ते मरेपर्यंत अंगावरच असतं, पण इतक्या कडकपणे पाळणारे अण्णाच. तुम्ही म्हणालात, "व्हय अण्णा."

आत गेल्यावर फोटो काढणारे म्हणाले, शर्ट काढा, गळ्यातलं काढा, धातूचं काही अंगावर नको. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बराच वेळ काहीतरी खटपट केलीत आणि गळ्यातली लिंगाची चांदीची डबी माझ्या हातात दिलीत. "धर नीट, पाडू नको." मी ती दोन्ही हातांत धरून भक्तिभावानं बाहेर बाकावर बसून राहिले.

डॉक्टर तरुण होते, भले होते. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, तुमचे जुने कागद वाचले, चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "डाव्या फुप्फुसावर गोल सावली आहे. गालाची गाठ होऊन गेलीय, त्यामुळं... पसरलं असावं. मिरजेला दाखवून घ्या." मी तिथंच रडायला लागले. आया पाणी घेऊन आली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "डॉक्टर, ही फिल्म मला नेता यील काय?"

घरी न जाता तुम्ही स्टुडिओत गेलात. फिल्म खिडकीला लावलीत. बराच वेळ बघत होतात. मग बोटानं त्या सावलीच्या कडेवरनं एक गोल काढलात, सावकाश. मी दारात उभी राहून डोळे पुसत होते. तुम्ही वळून मला म्हणालात, "बाई, तू घरी जा. मी येतो मागनं." जिना उतरताना मला तुमचं गुणगुणणं ऐकू आलं. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

संध्याकाळी घरी येऊन तुम्ही अक्काला स्वयंपाकघरात नेलंत आणि दार लावून घेतलंत. थोड्या वेळानं आतून असा हंबरडा आला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. अण्णांना निरोप गेला. अण्णा धावत आले, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक दुसऱ्याची.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि तुम्ही आपली जाडजूड चादर गळ्यापर्यंत ओढून खाटेवर. बारीक आवाजात म्हणालात, "अण्णा, मी मरायलोय."

अण्णा मटकन खाली बसले. एवढा पहाडासारखा माणूस, पण तुमचा पाय धरून लहान पोरासारखे रडायला लागले. "मल्लू, काय पायजे तुला? माग. काय वाटंल ते माग."

"गिरिजाचं लगीन. व्यंकटेशशी. डोळ्यांनी बघून जाऊ द्या मला."

 अण्णांनी अक्काकडं बघितलं, तिच्या तोंडावर पदर. मग माझ्याकडं बघितलं. मी हुंदके देत होते, नाक वाहत होतं. माझ्याकडं बघितल्यावरच अण्णांचा धीर सुटला. त्यांनी डोळे पुसले आणि एकच प्रश्न विचारला, "फोटो काढताना लिंग अंगावर होतं न्हवं?"

"व्हय अण्णा. तुमी सांगितलं तसंच."

"मग करा लगीन. देव बघून घील."

मिरजेला लगेच जाऊ या, म्हणून मी तुमच्या मागं लागले होते, तर तुमचं एकच, आधी लगीन, मग मिरज. लग्न घाईघाईनं, साधंच. आमच्याकडचे स्वामी, त्यांच्याकडचे भटजी, दोघांनी वाटून घेतलं. आणि तुम्ही? मरणारा माणूस स्टुलावर चढतोय, टेबलावर चढतोय, काळ्या कापडात डोकं घालून ओरडतोय, "विहीणबाई, हनुवटी वर! अण्णा, हसा की जरा, लगीन हाय!" अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "विझताना दिवा मोठा व्हतोय बघ." आणि परत रडले. तो रडका फोटोसुद्धा तुम्ही काढलात.

लग्न पार पडलं तेव्हा कुठं तुम्ही मिरजेच्या एसटीत बसलात. तुम्ही, मी, आणि हट्टानं बरोबर आलेले अण्णा. मिरजेला पुन्हा फोटो काढायचा ठरला. पुन्हा तेच, शर्ट काढा, गळ्यातलं काढा. तुम्ही अण्णांकडं बघितलंत. अण्णांनी तुम्हाला पडद्यामागं नेलं. कुजबुज झाली. बाहेर आल्यावर चांदीची डबी अण्णांच्या खिशात होती आणि चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान.

सर्जननी दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी लावल्या. पांढरे केस, जाड भुवया, कमी बोलणारा माणूस. सोलापूरच्या फिल्मवर सावली डावीकडं. मिरजेच्या फिल्मवर तीच सावली, तेवढीच, उजवीकडं. त्यांनी फिल्म उलटी तर लावली नाही ना, हे तपासलं. दोनदा बघितलं. मग आमच्याकडं वळले. "गाठ वाढलेली पाहिलीय मी. विरघळलेली पाहिलीय. पण एका फुप्फुसातनं दुसऱ्यात राहायला गेलेली पहिल्यांदाच बघतोय."

अण्णांनी हात जोडले. "देवाची लीला."

सर्जन म्हणाले, "एका बाजूनं फोटो काढू या." तुम्हाला आडवं वळवून फोटो निघाला. फिल्म ओलीच आणली, तिच्यावरनं पाणी गळत होतं. सर्जननी ती धरली आणि हसायलाच लागले. गाठ छातीच्या आत नव्हतीच. बरगड्यांच्या पुढं, कातडीच्या बाहेर, हवेत लटकत होती.

"बनियनच्या आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

तुम्ही अण्णांकडं बघितलंत. मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी छताकडं बघितलं. मग तुम्ही बनियनच्या आतून पांढऱ्या कापडात बांधलेलं इष्टलिंग काढलंत आणि कपाळाला लावलंत. दोघांचीही आज्ञा पाळली होती तुम्ही. डॉक्टरांनी धातू नको म्हटलं, म्हणून डबी बाहेर. अण्णांनी उतरवू नको म्हटलं, म्हणून देव आत. सोलापुरात मी भक्तिभावानं धरून बसले होते ती डबी रिकामी होती! मिरजेला अण्णांनी स्वतःच्या हातानं ते उजवीकडं खोचलं होतं, कारण डाव्या बाजूला बनियन फाटलेला होता.

सर्जननी लिंगाला हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला. मग म्हणाले, "सोलापूरच्या डॉक्टरांना बोल लावू नका. एकदा कॅन्सर होऊन गेला की त्या माणसाच्या फोटोतला प्रत्येक ठिपका कॅन्सरच वाटायला लागतो. मलाही वाटतो. बाईच्या वेणीची गाठ असते, लहानपणी बरा झालेला क्षय असतो, बनियनचं बटण असतं. मी एकदा एका बटणापायी अख्खं घर रडवलंय." फिल्मवर बोट ठेवून ते आणखीही काहीतरी म्हणाले, कड बघा किती स्वच्छ आहे वगैरे. पण माझं लक्ष नव्हतं. मी देवाचं नाव घेत होते. तुमचा हात धरला तर तो बर्फासारखा गार. तेव्हा मला वाटलं, बिचारे किती घाबरले होते.

आणि मग मिरजेचा एसटी स्टँड. अण्णांना आनंद झाला होता, मी बघितलं ना, उसाचा रस स्वतः आणून दिला त्यांनी. पण रसाचा पहिला घोट घेतला आणि डोक्यात उजेड पडला.

"मल्लू, म्हंजी तू मरत न्हाईस."

"न्हाय अण्णा."

"आरं, तू मरायलास म्हणून मी व्हय म्हणलो! पोरगी दिली मी त्या घरात! आता आपली मानसं मला काय म्हणतील? मरतो म्हणलास ते मर तरी आता!"

सगळा स्टँड आमच्याकडं बघायला लागला. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. आणि तुम्ही, जन्मात ज्यांनी अण्णांना उलटून उत्तर दिलं नव्हतं, त्या तुम्ही ग्लास खाली ठेवलात आणि वाकड्या गालानं म्हणालात, "मरतो की अण्णा. जरा दम धरा."

"आणि ते लिंग..."

"तुमीच म्हणला की, एक क्षणबी उतरवू नको."

 त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटला होता. सोलापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. वाटेतलं रेल्वेचं फाटक बंद होतं तेव्हा मात्र मी बघितलं, त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, पुन्हा रडतायत. वाकून बघितलं तर हसत होते. मी बघितलं हे कळल्यावर परत रागावले.

त्यानंतरची वर्षं फुकटची मिळाली, असं तुम्ही म्हणायचात. प्रत्येक सणाला अण्णा पानावर बसले की विचारायचे, "काय मल्लू, कवा?" आणि तुम्ही कडबूवर तूप ओतत म्हणायचात, "दम धरा की." गिरिजाला मुलगी झाली तेव्हा अण्णा आधी बारशाला येणार नव्हते, मग आले, मग उठेनात. संक्रांतीला व्यंकटेशच्या घरून चिंचेचा भात आला की डबा आधी अण्णांच्या पुढं. "त्यांचा भात बरा असतोय," एवढं म्हणायला त्यांना काही वर्षं लागली, पण म्हणाले.

आणि मग परवा. दुपारचा चहा, हातात बशी, फुंकर घालता घालता तुम्ही गेलात. हृदय, डॉक्टर म्हणाले. ज्या फुप्फुसांपायी आम्ही एवढा आकांत केला, ती शेवटपर्यंत ठणठणीत. आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून माती दिली. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचं होतं, ते अण्णांनी ठेवलं. व्यंकटेशनं खालून त्यांच्या हातांना आधार दिला. तुमची बोटं त्यावर मिटवताना अण्णा तुमच्या कानाशी म्हणाले, "आता कुणीबी काढ म्हणणार न्हाय तुला." मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

तर आज सकाळी ती फिल्म गजाला लावलेली. गिरिजाची पोरगी विचारायला लागली, हा चेंडू कुणाचा? मी मास्तरीण, लगेच शिकवायला गेले. म्हटलं, हे बघ बाळ, सावली आहे ही, हिची कड बघ कशी सुरीनं कापल्यासारखी...

आणि माझी जीभ तिथंच अडली, दाजी.

कड सांगतीय, वस्तू किती जवळ हाय. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत! चाळीस वर्षं फोटो काढणारा, निगेटिव्हवरचा तीळ पेन्सिलीच्या टोकानं खोडणारा माणूस, आणि तुम्हाला कळलं नाही की ती गोष्ट फिल्मला चिकटून होती? बनियनमध्ये काय खोचलंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? बोटानं गोल काढलात ना त्या दिवशी कडेवरनं! गुणगुणत होतात ना! आधी लगीन, मग मिरज म्हणालात ना!

मला असा संताप आला की काय सांगू. अक्काला इतकं रडवलंत? मी अक्काकडं वळले. ती खाली बसून रिकामी ट्रंक पुसत होती. एकच कोपरा, पुन्हा पुन्हा. "अक्का," मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?" ती मान वर करेना. मग मला आठवलं, अण्णा बाहेर गेले की तिचं रडणं थांबायचं. त्या उन्हाळ्यात घरात दाणे-गुळाच्या शेंगापोळ्या झाल्या होत्या. नवरा मरायला टेकलेली बाई शेंगापोळ्या लाटते काय? आणि मी मूर्खासारखी दोन खाल्ल्यासुद्धा!

"तुला सांगायचं न्हाय म्हणाले," अक्का शेवटी म्हणाली. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतंय, म्हणाले. ती खरं रडली तरच अण्णांना पटंल, म्हणाले."

म्हणजे नाटक दोघांचं आणि खरे अश्रू माझे. दाजी, हे बरं केलं नाहीत. सगळ्या जगाची तोंडं पेन्सिलीनं सारखी केलीत आणि माझं तेवढं जसं आहे तसं वापरलंत. मी खूप बडबडले. तुम्ही समोर असतात तर हार तुमच्या डोक्यावर आपटला असता. मग बघितलं, तर गिरिजा भिंतीला टेकून उभी होती, पोरीला पोटाशी धरून. तिलाही आजच कळत होतं. ती पुढं आली आणि त्या गोल सावलीवर तळहात ठेवून उभी राहिली. माझा राग गेला कुठं, मला कळलं नाही. पण मिरजेला तुमचा हात गार का होता? एवढी खात्री होती तर? म्हणजे भीती वाटत होतीच ना दाजी, आत कुठंतरी? तरीही आधी लगीन म्हणालात. हे मला तुम्हाला विचारायचं होतं.

तेवढ्यात जिन्यात खोकला झाला. अण्णा. आता डोळ्यांत मोतीबिंदू आलाय त्यांच्या, काठी टेकत येतात. "फोटो घावला काय त्याचा?" गिरिजा बाजूला झाली. अण्णा खिडकीपाशी गेले, फिल्मला नाक लावलं. "हे ते न्हवं? मिरजेच्या आधीचं?" मी हो म्हटलं. त्यांनी बोट त्या सावलीवर ठेवलं.

माझ्या ओठांवर आलं होतं. अण्णा, दाजींना सगळं ठाऊक होतं, तुम्हाला फसवलं त्यांनी. अक्का माझ्याकडं बघत होती, गिरिजा माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडावर सगळं दिसतं म्हणे. मग मी तोंड फिरवलं आणि ट्रंक आवरायला लागले. तुम्ही पेन्सिल फिरवलेली निगेटिव्ह कधी गिऱ्हाइकाला दिली नाहीत, मी तरी का द्यावी?

"ह्योच लावा फोटो," अण्णा म्हणाले. "ह्यो आनि त्याचा देव, दोघं हायेत की ह्यात."

अक्का म्हणाली, अय्यो, लोक काय म्हणतील? अण्णांनी ऐकलं नाही. ते अजून त्या काचेसारख्या फिल्मकडं बघत होते, त्यातल्या बरगड्यांकडं.

"मला दम धरा म्हणला होतास," ते तुम्हाला म्हणाले. "मी धरला होता की रे. तुलाच कशाला घाई झाली?"

हार आम्ही खिडकीच्या गजालाच घातलाय.